सगळ्यांच्या जोड्या जमल्यावर

माझ्या नणंदेचं घरातलं नाव चिमी. उंची अशी की दारातून जाताना मान आपोआप वाकते, आवाज असा की मागच्या रांगेत डुलक्या घेणारा दचकून सरळ बसावा, आणि नाव काय तर चिमी. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणे. पुढे वाढायची ती वाढली, नाव मात्र तेवढंच राहिलं. ह्यांची ती धाकटी बहीण, म्हणून मी तिला अगं-तुगं करते आणि ती मला अहो-जाहो.

तिचं काम लोकांना ऐकायला शिकवण्याचं. बोलायला शिकवतात हे मला ठाऊक होतं, ऐकायलाही शिकवावं लागतं हे तिच्यामुळे कळलं. दवाखान्याच्या खिडकीशी बसणारी, तक्रारीचे फोन उचलणारी माणसं जमवायची आणि समोरच्याला शेवटपर्यंत बोलू कसं द्यायचं ते त्यांच्याकडून घोटून घ्यायचं. आधी हे सगळं हॉलमध्ये चालायचं. चिमीची बॅग कायम भरलेली, आज ह्या गावी तर उद्या त्या. खुर्च्या गोल मांडायच्या, मध्ये स्वतः उभं राहायचं आणि लाजून कोपऱ्यात बसलेल्याला चहाच्या आत हसवायचं. लग्न केलं नाही. ह्यांनी विषय काढला की म्हणायची, "दादा, रोज एवढी माणसं भेटतात, घरी आणखी एक कशाला?" घरी यायची ती कपडे धुवायला आणि झोपायला.

मग हॉल सुटले. पडद्यावरही भागतं असं वरच्या लोकांच्या लक्षात आलं आणि चिमीची बॅग माळ्यावर गेली. पहिल्यांदाच ती घरात राहायला लागली, पण तीही आतल्या खोलीत, दार लावून.

खोलीत तिने मोठा थाट मांडला होता. पत्र्याच्या ट्रंकेवर पाट, पाटावर लॅपटॉप. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा, खालून दिसलं की माणूस दटावतोय असं वाटतं, म्हणायची. खिडकी समोर, पाठीमागे नाही. कपाट दिसू नये म्हणून त्यावर चादर ताणून पिना टोचलेल्या. अंगात इस्त्रीचे कपडे आणि पायात अंगठ्याला भोक पडलेले लोकरीचे मोजे. काम सुरू झालं की फार वेळ ती एकटी बोलायचीच नाही. हात वर करा, एक शब्द लिहा, खिडकीतून काय दिसतं ते सांगा, असं सारखं लोकांना हलवत राहायची. सुरुवात मात्र ठरलेली. "उठा, आणि घरातली अशी वस्तू घेऊन या जिचं झाकण हरवलंय." लोक धावायचे. कुणी साखरेचा डबा आणी, कुणी पेन, एकाने तर कुकरच उचलून आणला. झाकण कसं हरवलं हे सांगता सांगता माणसं मोकळी होतात, हा तिचा शोध.

पण एक दिवस ती बाहेर आली आणि उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायली.

"आज भिंतीशी बोलले, वहिनी."

"का गं?"

"सगळ्यांनी कॅमेरे बंद ठेवले. नुसते काळे चौकोन, खाली नावं. नावाच्या पाट्या लावलेली बंद दारं म्हणा ना. मी आपली घंटा वाजवतेय, आत माणूस आहे की नाही तेच कळत नाही."

"मी बसू का त्यांच्यात? मला काही यायला नको. मान तेवढी हलवेन."

"त्यात तुमचा हात कोण धरणार! दादासमोर जन्मभर तेच केलंत."

ह्यांनी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, "हलवली कधी? झटकली म्हण."

अशी मी त्या कामात शिरले. स्वयंपाकघरात फळीला फोन टेकवायचा, कॅमेरा चालू, आणि भाजी निवडत मान हलवायची. माझ्या चौकोनाखाली चिमीने 'पाहुणी' असं लिहून दिलं होतं. लपवाछपवी नव्हती. सुरुवातीलाच सांगून टाकायची, "ह्या आपल्याकडच्या पाहुण्या. संख्या विषम झाली तर जोडी पुरी करायला येतील." कारण तिचा मुख्य धडा जोड्यांचा होता. ती एक बटण दाबायची आणि माणसं दोन-दोन करून छोट्या खोल्यांत जायची. खोल्या म्हणजे पडद्यावरच्याच, पण आत गेलं की बाहेरच्याला काही ऐकू येत नाही. तिथे एकाने बोलायचं, दुसऱ्याने नुसतं ऐकायचं. मध्ये तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, स्वतःची गोष्ट घुसडायची नाही. मग पाळी बदलायची.

एकदा रक्त तपासायच्या खिडकीवरची एक नवी सून माझ्या वाट्याला आली. सासूबाई ती झोपली की पंखा बंद करतात, हे तिचं दुःख. माझ्या जिभेवर सतरा उपाय आले होते. ओठ मिटून बसले. शेवटी ती म्हणाली, "काकू, तुम्ही काहीच बोलला नाहीत, फार बरं वाटलं." गप्प बसल्याबद्दल माझे आभार मानणारी ती पहिलीच. चिमीला सांगितलं तर हसून हसून ठसका लागला तिला. "ऐकलंस का दादा? वहिनी गप्प बसल्या!"

त्याच वर्षी हे गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही.

तेव्हा कळलं की आम्हा दोघींचं बोलणं ह्यांच्या अंगावरून जायचं. ती माझी थट्टा ह्यांच्याकडे करायची, मी तिची तक्रार ह्यांच्याकडे. मधला माणूस उठून गेला आणि दोघी समोरासमोर आलो, तर काय बोलावं तेच सुचेना. जेवताना रेडिओ लावायला लागलो. आमटीत मीठ आहे का, गॅस लावलास का, दूध आलं का, एवढ्यावर दिवस निघायचे. मी मान मात्र हलवत राहिले. कामाचं तेवढं एक बरं होतं. दार लावलेल्या खोलीतून तिचा आवाज आधी भिंतीतून यायचा, मग क्षणभराने फोनमधून. एकच वाक्य दोनदा. घर भरल्यासारखं वाटायचं.

असं चाललेलं असताना मुलाचा फोन आला. तो दूर, मोठ्या शहरात. "आई, ये ना आता इकडे. कायमचीच ये. खोली तयार आहे." सूनबाई मागून म्हणाली, "आई, खिडकी पूर्वेला आहे, तुमच्या देवांना सकाळचं ऊन मिळेल." आणि नातीने फोनला तोंड लावून नुसताच श्वास सोडला. खोटं कशाला बोलू, त्या श्वासाने मी अर्धी तिथे पोचले. उरलेली अर्धी इथे होती, आतल्या खोलीत मोजे घालून बसलेली.

रविवारी सांगते म्हटलं मुलाला. जेवताना चिमीच्या कानावर घातलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मुलगा चांगला आहे." आणि ताट उचलून घासायला गेली.

एवढंच. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल. जाऊ नका म्हणेल, नाहीतर जा तरी म्हणेल. देवापुढे बसून त्याला विचारलं. तोही गप्प. त्याची सवयही चिमीसारखीच, दुसऱ्याला बोलू द्यायचं आणि आपण काही सांगायचं नाही. हात जोडून उठले.

शुक्रवारी तिचा वर्ग होता. एकजण कमी होता, म्हणून मला जोडीला जायचं होतं. भाजी उतरवून मी तयार बसले. चिमीने प्रश्न दिला, "मागच्या आठवड्यात तुमचं बोलणं कुणी मध्येच तोडलं, ते सांगा." बटण दाबायला आणि एक उशिरा आलेला गृहस्थ धापा टाकत टपकायला एकच गाठ पडली. सगळ्यांच्या जोड्या जमल्या. चौकोन एकेक करून विझले आणि पडद्यावर दोनच उरले, तिचा आणि माझा.

एरवी मला जायचं नसलं की मी आधीच कॅमेरा बंद करून कामाला लागते. सगळे आत गेल्यावर चिमी काय करते ते मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी दिसलं. तिचं कामाचं हसू गेलं. खांदे उतरले. ती काहीच करत नव्हती, नुसती बसली होती.

मग मी दिसले तिला.

"वहिनी? तुम्ही इथेच?"

"मी उरले."

"मग जा, भाजी बघा."

"भाजी झाली. तू अशीच बसतेस रोज?"

"घड्याळ बघते. पाणी पिते. इथून कुणाचं काही ऐकू येत नाही."

आवाज भिंतीतूनही येत होता, फोनमधूनही. उठून दार ढकललं असतं तर समोर होती. पण दोघीही उठलो नाही.

"मग आपली जोडी लाव," मी म्हटलं. "प्रश्न तूच दिलायस. मी पहिली बोलते."

तिने मान हलवली.

"माझं बोलणं कुणी तोडलं नाही, चिमी. मुलगा बोलावतोय असं तुला सांगितलं, तू बरं झालं म्हणालीस, तिथेच ते संपलं. मला आणखी बोलायचं होतं. नातीचा लळा लावून घ्यायचाय मला. आणि इथून निघवतही नाही. ह्यांचा चष्मा अजून त्या खणात आहे. तुला चहा करून प्यायचाही कंटाळा. मी गेल्यावर तू दिवसभर त्या चादरीसमोर बसशील आणि संध्याकाळी रेडिओ लावशील. हे मी तिकडे बसून डोळ्यांसमोर आणत राहायचं का? तू एकदाही विचारलं नाहीस, वहिनी, तुम्हाला काय हवंय."

तिने मध्ये एक शब्द टाकला नाही. डोळे हलवले नाहीत. लोकांना शिकवते तसंच, अगदी तसंच ऐकलं. मला रडू यायला लागलं, तरी "असू द्या" म्हणाली नाही.

"आता तुझी पाळी," मी म्हटलं.

तिने तोंड उघडलं. त्याच वेळी पडद्यावर सूचना आली, खोल्या बंद होत आहेत म्हणून. वेळ वाढवायचं बटण तिच्या हाताशीच असतं. तिचा उजवा खांदा पुढे झालेला मी बघितला. माउस त्या बाजूला असतो. मग खांदा मागे आला. चौकोन पटापट उजळले आणि कुणीतरी ओरडलं, "मॅडम, लवकर बोलावलंत, आत्ता कुठे रंग चढला होता!"

"रंग टिकवून ठेवा, पुढे लागणार आहे," चिमी हसून म्हणाली. पुढचा सगळा वर्ग तिने असा घेतला की शेवटी सगळ्यांचे कॅमेरे चालू होते.

संध्याकाळी जेवताना मी रेडिओकडे हात नेला, तर तिने तो उचलून खिडकीत ठेवला.

"माझी पाळी राहिली."

मी घास खाली ठेवला.

"राहा म्हणणं अवघड नाही, वहिनी. आजपर्यंत चारदा तोंडाशी आलं. मी म्हटलं तर तुम्ही राहाल, हे मला माहीत आहे. पण कुणी सांगितलं म्हणून आलेली माणसं मी रोज बघते. बसतात, पण कॅमेरा बंद करून. तुम्ही माझ्यासमोर तशा बसलात, तर मग मी कुणाकडे बघू?"

तिचं बोलणं संपलं की नाही ते कळत नव्हतं, आणि मध्ये तोडायचं नव्हतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "नात मोठी होते भराभर. जाऊन या म्हणत नाही मी. जा."

रविवारी मी मुलाला होकार कळवला. निघताना ह्यांचा चष्मा घेऊ का म्हणून विचारलं, तर चिमी म्हणाली, "तो राहू द्या." आणि मोठी बॅग उचलून माझ्यापुढे जिना उतरली.

आता मी मुलाकडे असते. खिडकी पूर्वेला आहे खरी, देवांवर ऊन येतं. मुलगा, सून सकाळी जातात, नातही पाळणाघरात जाते, आणि संध्याकाळी सगळे येईपर्यंत मी आणि देव. वर्गाची वेळ झाली की फोन लावते. कॅमेरा चालू. खाली 'पाहुणी'. परवा चिमीने नेहमीसारखं झाकण हरवलेलं काहीतरी आणायला सांगितलं. मी उठले आणि सूनबाईचे सगळे खण धुंडाळले. एकसारखे नवे डबे, प्रत्येकाला आपलं झाकण, घट्ट बसलेलं. तशीच परत आले.

"पाहुण्या, तुम्ही काय आणलंत?" चिमीने सगळ्यांसमोर विचारलं.

मी दोन्ही तळवे दाखवले.

"चालेल," ती म्हणाली आणि पुढच्याकडे वळली.

त्या दिवशी जोड्या पुऱ्या झाल्या. सगळे आत गेले, आम्ही दोघी बाहेर राहिलो. तिच्यामागे चादर होती, एका कोपऱ्याची पिन निघून कपाट दिसायला लागलं होतं. मी बोटाने दाखवलं. तिने मागे वळून बघितलं आणि हात नको-नको असा हलवला, राहू द्या म्हणून. मग ती पाणी प्यायली. मीही प्यायले. ती काहीतरी बोलली, चहा घेतलात का असं काहीतरी, आणि मी सवयीने भिंतीकडे कान केला. आवाज फोनमधूनच आला, एकदाच.