लुआचा पायगुण

दहा वाजत आले की 'डीप्स' बारच्या बाहेर चार-पाच गोरे म्हातारे सावलीचा तुकडा धरून उभे राहतात. बार उघडा असतो. पंखे चालू असतात, बिअर गार असते, फ्रेंच फ्राइजचा वास रस्त्यापर्यंत आलेला असतो. तरी आत पाऊल टाकायची कुणाची प्राज्ञा नाही, कारण दारात मालकीण दिएपताई झाडू आडवा धरून उभी असते. आधी लुआ आत येणार, मग गिऱ्हाईक. केन हा त्यांच्यातला सगळ्यात जुना. आमच्या या वुंगताव बंदराच्या समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर त्याचं निम्मं आयुष्य गेलं, पण आमची भाषा अजून मोडकीच. तो ओरडतो, "लकी! तू ये! मी तहान! मी मरतो!"

लुआ राहते त्याच इमारतीत, बारच्या बरोब्बर डोक्यावर. तिचा जिना थेट स्वयंपाकघरात उतरतो. पण मागून आलेलं पाऊल आमच्याकडे धरत नाहीत. म्हणून ती जिना उतरते, मागच्या दाराने बाहेर पडते, गटाराच्या कडेने मासळीच्या आंबवलेल्या रसाचे रांजण ओलांडत गल्लीला वळसा घालते आणि समोरच्या दाराने, चेहऱ्यावर हसू ठेवून, गिऱ्हाइकासारखी आत येते. हसू विसरून चालत नाही. मग एक बर्फाची कॉफी मागायची, रोख पैसे द्यायचे, घासाघीस करायची नाही. झाली भवानी. त्यानंतर अ‍ॅप्रन बांधून आत जायचं आणि विकत घेतलेली कॉफी स्वतःच करायची, कारण स्वयंपाकीणही तीच. याला वेडेपणा म्हणणारे पुष्कळ आहेत, पण स्वतःच्या दुकानात मात्र ते आधी पायगुण बघतात आणि मगच कुलूप काढतात.

हे सुरू झालं त्याला वीस वर्षं होतील. लुआचा नवरा मासेमारीला गेला तो कुठल्याशा बंदरावर दुसरा संसार थाटून बसला, आणि ही बिन्ह दिन्ह प्रांतातल्या दूरच्या खेड्यातून एक पिशवी घेऊन इथे आली. दिएपताईचा बार तेव्हा माशा मारत होता. लुआ दारात येऊन म्हणाली, "ताई, काम आहे का?" तेवढ्यात एका जहाजाची अख्खी टोळी मागून आत घुसली आणि सगळी बिअर संपवून गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण दिएपताईने कावळ्याला सोडलं नाही. खोली दिली, काम दिलं, तापात उशाशी बसली. उपकार खरे होते, हे लुआ कधीच नाकारणार नाही, आणि तिथेच तर सगळी गोची होती.

बघता बघता शेजारच्या तुयेतकाकूंना सुगावा लागला. आप्पेपात्रासारख्या मातीच्या साच्यात हळद घातलेले तांदळाचे छोटे घावन कोळंबी लावून करतात, ते त्यांचं दुकान. "आमच्याकडे पण एक घावन खाऊन जा गं सकाळी, तुझ्या पायाने बरकत येते." मग समोरचा फोचा, म्हणजे शेवयांच्या सूपचा, ठेला, मग सायकली भाड्याने देणारा. गल्लीभर लुआची पावलं वाटली जाऊ लागली. सुट्टी म्हणून नाही. एकदा ती तापाने फणफणली होती, तर दिएपताईने तिला गोधडीत गुंडाळून स्कूटरवर बसवलं, गल्लीला वळसा घालून दारात उतरवलं, तिने आणि तुयेतकाकूंनी धरून उंबरा ओलांडवला आणि परत नेऊन निजवलं. केनने त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. लुआ हसली होती, कारण हसू लागतंच.

आणि नव्या वर्षाची पहिली सकाळ म्हणजे विचारूच नका. तेतच्या दिवशी घरात पहिलं पाऊल कुणाचं, यावर आमचं अख्खं वर्ष ठरतं. ते पाऊल लुआचंच हवं. त्यामुळे या वीस वर्षांत ती तेतला एकदाही आईकडे गेली नाही. जायची ती पावसाळ्यात, गिऱ्हाईक नसताना, दोन दिवसांसाठी. म्हातारी फोनवर म्हणायची, "गल्लीभर पाऊल वाटत फिरतेस, बाई. माझ्याच उंबऱ्याने काय घोडं मारलंय?"

गेल्या तेतच्या तोंडावर भावाचा फोन आला. खोइ दादा मोजकं बोलणारा. "आई जेवत नाही. तुझं नाव घेते. ये."

लुआ तशीच ओल्या हातांनी दिएपताईपुढे उभी राहिली. "ताई, मी आज निघते."

दिएपताई पिवळ्या फुलांची फांदी बरणीत लावत होती. तिने फांदी खाली ठेवली. "अगं, जा ना. मी काय नाही म्हणते? फक्त पहिल्या दिवशी सकाळी पाऊल टाक आणि दुपारच्या बसने जा. तिकीट मी काढते. आईला सुकी कोळंबी पण देते."

"आई थांबेल का तोवर?"

"काहीतरीच काय बोलतेस तेतच्या तोंडावर! म्हातारी माणसं थंडीत जेवत नाहीत. तू असं अभद्र मनात आणू नकोस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "साऱ्या गल्लीने माल भरून ठेवलाय, लुआ. तुझ्या भरवशावर."

लुआने त्या रात्री विचार केला, की पायगुणच बिघडवला तर? सकाळी उठून ती तुयेतकाकूंच्या दुकानात गेली, ती तोंड पाडून. घावनाचा भाव विचारला, महाग आहे म्हणाली, कोळंबी बारीक आहे म्हणाली, दोनदा घासाघीस केली आणि काही न घेता उठली. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर काकूंनी कागद पेटवून अवदसा हाकलायला दुकानभर धूर केला असता, वर सात पिढ्यांचा उद्धार केला असता. काकू म्हणाल्या, "आज काय बाईसाहेब रुसल्यात वाटतं!" आणि खो खो हसल्या. घटकाभरात सायगॉनहून दोन बसगाड्या गल्लीच्या तोंडाशी थांबल्या आणि दुपारच्या आत काकूंचं पीठ संपलं. तेतला वुंगतावला बसगाड्या येणार नाहीत तर काय बैलगाड्या येणार? पण काकू गल्लीभर सांगत सुटल्या, "लुआ रुसली तरी लाभते!"

आता एकच उपाय उरला होता. आई गेली, एवढे दोन शब्द बोलायचे. सुतकातल्या माणसाला तेतला कुणी उंबऱ्याजवळ फिरकू देत नाही. त्या दोन शब्दांवर गल्लीने तिला हात जोडून बसमध्ये बसवलं असतं. लुआ तीनदा दिएपताईसमोर गेली, तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा "मीठ संपलंय" म्हणून परत आली. जिवंत आईला जिभेने मारायचं, तेही वर्ष बदलताना, हे तिच्याने होईना. ती थांबली. एका सकाळीने काय होतंय, असं स्वतःलाच समजावत थांबली.

पहिल्या दिवशी ती नवा पोशाख घालून निघाली. बॅग भरून दाराशी ठेवली होती. 'डीप्स'चा उंबरा ओलांडत "ताई, पैसा पाण्यासारखा आत येवो" म्हणतानाच खिशातला फोन थरथरला. पाऊल टाकताना फोन घेत नाहीत. ती हसली, शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट घेतलं, पुढच्या दारात गेली. तिथे फोन पुन्हा थरथरला. असं सगळी दुकानं होईपर्यंत चाललं. शेवटी सायकलवाल्याच्या भिंतीला टेकून तिने फोन कानाला लावला.

"आई पहाटेच गेली," खोइ दादा म्हणाला. "अजून कुणी रडलेलं नाही. आज पहिला दिवस ना."

म्हणजे ती मरण पायांना बांधून दारोदार हिंडली होती. लोकांनी तिला पांढऱ्या पायाची म्हटलं असतं. आमच्याकडे यापेक्षा मोठं पाप पोटात घेऊन माणूस गल्लीत राहू शकत नाही. वर्षभरात कुणाचं दूध नासलं तरी बोट तिच्याकडे वळलं असतं. रस्त्यापलीकडून काकू ओरडल्या, "काय गं, बरी आहे ना आई?" लुआ म्हणाली, "बरी आहे."

ती पोचेपर्यंत शवपेटी बंद झालेली होती. तोंड दिसलं नाही. वहिनीने कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी बांधली, ती परतीच्या बसमध्ये लुआने सोडली आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. गल्लीत कुणाला काही बोलली नाही. रोज मागच्या दाराने बाहेर, वळसा, समोरच्या दाराने आत, हसू, कॉफी. आणि रोज वाट बघायची, की आता कुणाचं दुकान बुडतंय, कुणाच्या घरी काय होतंय.

काही झालं नाही. उलट असे तीन महिने गल्लीने पाहिले नव्हते. काकूंनी दुसरी चूल घातली. सायकलवाल्याने स्कूटर घेतल्या. लुआला आधी हायसं वाटलं, मग संताप आला. पायगुण वगैरे काही नसतंच, हे आता या जगात तिला एकटीला पक्कं ठाऊक होतं. ज्यासाठी तिने आईचं तोंड घालवलं, ती गोष्ट मुळात नव्हतीच. आणि हे सांगायची सोय नव्हती.

आईचा शंभरावा दिवस जवळ आला. त्या दिवशी घरचे एकत्र जेवतात आणि मग रडणं थांबवतात. लुआचं तर रडणं सुरूच झालं नव्हतं. तिने चार दिवसांची सुट्टी मागितली.

"नेमकी तेव्हा?" दिएपताईने कपाळाला हात लावला. "अगं, वेडी आहेस का! त्याच दिवशी समुद्राकाठचं आपलं नवं दुकान उघडायचंय. ज्योतिषाने काढून दिलेला मुहूर्त आहे. तुझ्या पावलाशिवाय कसं उघडू?"

तेव्हा मात्र लुआचा बांध फुटला. बटाटे सोलायचा चाकू तिने टेबलावर आपटला. "माझ्या पावलाचं कौतुक पुरे करा, ताई! तेतला मी तुमच्या दारात आले तेव्हा माझी आई मेलेली होती. पहाटेच गेली होती. सुतकात आले मी. सगळ्यांच्या घरात सुतकाचे पाय घेऊन फिरले. हाकला मला आता. हाकला ना!" आणि ब्लाउजमधली पांढरी पट्टी काढून तिने टेबलावर ठेवली.

दिएपताई खुर्ची ओढून बसली. पट्टीला हात लावायचं धाडस तिला होईना. "आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

बाहेर बार भरला होता. केन कुणाच्या तरी पाठीत थाप मारून हसत होता. दिएपताईने तिकडे पाहिलं, भरलेली टेबलं एकेक करून मोजली. मग तिचे डोळे भरून आले. ती उठली, दाराजवळच्या जमिनीवरच्या धनदेवाच्या देव्हाऱ्यात तिने तीन उदबत्त्या लावल्या, लुआच्या आईला उद्देशून हात जोडले, आणि येऊन लुआचे दोन्ही हात धरले.

"मरणसुद्धा तुझ्या पायाला जड झालं नाही गं," ती हलक्या आवाजात म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता भीती नव्हती, भक्ती होती. "असं पाऊल मी जन्मात ऐकलं नाही. शंभरावा दिवस आपण नव्या दुकानातच करू. आईला इथेच जेवायला बोलावू. कुणाला कळायला नको. उदबत्ती मी लावते." पट्टीची घडी तिने स्वतःच केली आणि परत लुआच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजत आले तेव्हा लुआ जिना उतरली, मागच्या दाराने बाहेर पडली, रांजण ओलांडून गल्लीला वळसा घालून समोर आली. म्हातारे बाजूला झाले. केनने टोपी काढली. "गुड मॉर्निंग, लकी!"

ती उंबऱ्यापाशी थांबली. जरा जास्तच थांबली असावी, कारण आतून दिएपताईची लाडिक हाक आली.

"हास ना गं जरा."

लुआ हसली आणि आत गेली.