कुमुदआत्याचा मोठा बीकर

सकाळी कणीक भिजवत होते आणि फोन वाजला. उज्जैनहून दुबेभाभी, कुमुदआत्याच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. "दीदी, बुआजी नहीं रहीं. चाय के लिए आवाज दी, तो..." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. इंदूरहून उज्जैनला पोचायला तासभर लागतो. त्या तासात डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि सांगायला लाज वाटते, ती दुःखाची नव्हती. आता आत्याला सांगायचं राहूनच गेलं, ही होती.

त्याला दीड महिना झाला. क्षिप्रेकाठी राम घाटावरचं सगळं यथासांग पार पडलं. काय सांगायचं राहिलं ते सांगते, पण आधी आत्या सांगायला हवी. आमचं घराणं दफ्तरातली कारकुनी करायला माळव्यात आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलंच होऊन गेलं. त्या सोवळ्याओवळ्याच्या घरात स्टीलच्या डब्यातून बकऱ्याचं रक्त आणणारी कुमुदआत्या पहिलीच. कॉलेजात ती जीवरसायन शिकवायची आणि उरलेल्या वेळात पेशीच्या आवरणावर काम करायची. रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून, धुऊन आतलं सगळं काढून टाकलं की नुसतं आवरण हाती राहतं, त्यासाठी हा खटाटोप. खाटकाकडे ती स्वतः जायची, डबा फडक्यात गुंडाळून. खिरीचा डबा बाटवला म्हणून आजीनं एकदा दोन दिवस अबोला धरला होता. आत्या शांतपणे म्हणाली, "आई, तुझ्याही अंगात हेच वाहतंय की."

ते आवरण म्हणजे चरबीचा दुहेरी पापुद्रा. त्यात प्रथिनं कशी बसलेली असतात, हे तिनं मला वर्गात नाही, टावर चौकातल्या पोह्यांच्या गाडीवर शिकवलं. प्लेट माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "फुंकर मार." शेव उडाली. "ही झाली नुसती टेकलेली प्रथिनं. मिठाच्या पाण्यानं धुतली की सुटतात. आता हा शेंगदाणा फुंकरीनं काढ बघू. नाही ना निघत? काही अशी रुतलेली, पार इकडून तिकडे. ती काढायची तर साबणानं आवरणच मोडावं लागतं." काहींना म्हणे चरबीचीच शेपटी असते, ती शेपटी आत खुपसून प्रथिनं बाहेर लोंबकळतात. आणि सगळी पापुद्र्यात इकडेतिकडे सरकतात, पण आतलं तोंड आत आणि बाहेरचं बाहेर, कोलांटी कोणी मारत नाही. गाडीवाला काळजीनं बघत होता. "मॅडम, नमक कम है क्या?" आत्या म्हणाली, "नहीं भैया, बराबर है. नमक की ही बात चल रही है."

म्हणूनच प्रयोगशाळेत तिचा एक कडक नियम होता. आवरणाच्या कामाच्या काचसामानाला साबणाचा थेंब लागता कामा नये. जरासा जरी राहिला, तरी रुतलेलं प्रथिन सुटून येणार आणि आपण म्हणणार, हे तर नुसतं टेकलेलं होतं. ती भांडी ती कोणाला धुऊ देत नसे.

एम.एस्सी. करून मी तिच्याच हाताखाली लागले होते. संक्रांत आली. विभागातल्या बायकांचं हळदीकुंकू ठरलं, तिळगूळ मी करते म्हणून मी मिरवलं, आणि घरून भगोना, म्हणजे पातेलं, आणायलाच विसरले. आत्या परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेलेली. समोर तिचा मोठा बीकर दिसला... त्यातच गुळाचा पाक केला. खाऊन कोणी आजारी पडलं नाही, एवढं नशीब. पण पाक करपला आणि बुडाला डाग धरला. मी धुण्याची पावडर घेऊन खसाखसा घासला, डाग पुरता गेला नाहीच, घाईघाईनं दोनदा विसळला आणि होता तिथे ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात आत्यानं त्याच बीकरमध्ये आवरणं धुतली. ती वर्षानुवर्षं ज्या प्रथिनाच्या मागे होती, आणि जे आरपार रुतलेलं आहे असं सगळे मानत होते, ते मिठाच्या पाण्यात अलगद सुटून आलं. इतकी आनंदलेली आत्या मी कधी पाहिली नव्हती. "नीलू, हे टेकलेलं आहे गं. सगळे चुकलेत." तिनं पेपर पाठवला. त्यावरून एका मोठ्या संस्थेनं वर्षभर कामाला या म्हणून बोलावलं, आणि तिनं तर नवी सूटकेससुद्धा घेतली. बीकर पावडरीनं घासलाय, हे एकट्या मला माहीत होतं. आज सांगू, उद्या सांगू...

मग तो प्रयोग पुन्हा जमेना. इतर भांड्यांत प्रथिन जागचं हलेना. दोन महिने ती करत राहिली आणि शेवटी पत्र लिहून तिनं पेपर मागे घेतला. बोलावणंही गेलं. सहकारी म्हणाले, "मॅडम, थोडी जल्दी कर दी आपने." आत्या म्हणाली, "हाँ, गलती मेरी ही है." मी बाजूला परीक्षानळ्यांचा स्टँड धरून उभी होते. नळ्याच मोजत राहिले. भित्री होते मी, दुसरं काय.

पुढे माझं लग्न झालं, इंदूरला कॉलेजात लागले. दर संक्रांतीला आत्याकडून तिळगुळाचा डबा यायचा आणि फोन, "पाक जमला का गं यंदा?" मी म्हणायची, "तुझ्यासारखा नाही." यंदा दिवाळीत गेले, तेव्हा जीव एकवटून म्हटलंच, "आत्या, तुला एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "आधी चहा कर." मी चहा केला. मग ती दुबेभाभींच्या मांजरीचं सांगत बसली, आणि निघायची वेळ झाली.

गेल्या रविवारी माधव नगरचं तिचं स्वयंपाकघर आवरायला गेले. ओट्याखाली, तिळाच्या डब्यामागे, मोठा बीकर. बुडाचा डाग बघताच ओळखला. उजेडात धरला तर काचेवर बारीक अक्षरं होती. काचेवर खुणा करायची हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल असते, त्या पेन्सिलीनं कोरलेली, आत्याच्याच हातची. "पाकाचा. साबण चालेल." खाली तारीख. पेपर मागे घेण्याचं पत्र गेलं, त्याच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे तिला ठाऊक होतं. "गलती मेरी ही है" म्हणाली तेव्हाही, आणि दर संक्रांतीला पाकाचं विचारायची तेव्हाही... मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. "आत्या, माझं चुकलं गं," मोठ्यानं म्हटलं. खाली दुबेभाभींना वाटलं, मी त्यांनाच हाक मारली. जिन्यातून विचारलं, "दीदी, चाय लाऊँ?"

म्हटलं, आणा. आणि बीकर घासायला घेतला, भरपूर साबण लावून.