शिंगाखालच्या रेघा

कळस गावात माझी पिठाची गिरणी आहे. शाळा दुसरीतच सुटली, त्यामुळं नावं लिहायचा कंटाळा. भिंतीवर कोळशानं प्रत्येक घराची खूण काढायचो आणि दळण आलं की खाली उभी रेघ. बाजाराच्या दिवशी सगळ्यांखाली एक आडवी, म्हणजे आठवडा कळायचा. माझं कधी चुकलं नाही.

नव्वद सालानंतर बारामतीत कॉम्प्युटरचे क्लास निघाले. थोरली लेक तिथं शिकायची. एका सुट्टीत तिनं अख्खी भिंत वहीत उतरवून नेली आणि पुढच्या सुट्टीला कागद घेऊन आली.

"आबा, ही तीन घरं गिरणी सोडणार. दोन दळणांतलं अंतर वाढत चाललंय."

तिसरी खूण मेंढ्याच्या शिंगाची होती, म्हणजे तात्याची. पोरपणी आम्ही दोघांनी एकत्र मेंढरं राखलेली.

मी हसलो. "तुझ्या यंत्रानं तात्याला बघितलंय का कधी?"

"त्यांचं दळण तुमी कधी टाकता?"

"शेवटी. घरचा माणूस हाय त्यो. परक्याचं आधी."

"आन गर्दी असली तर?"

"दुसऱ्या दिवशी."

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "जाऊन भेटा त्यास्नी."

"मी? त्याच्या दारात? त्यानं बोलावं की!"

महिन्याभरात पहिली दोन घरं गेली. दिवाळीच्या आधी तात्याचा डबाही यायचा बंद झाला. तरी मी गेलो नाही.

पुढं एकदा इंदापूरच्या स्टँडवर गाठ पडली. त्यानं पिशवी बाजूला सरकवली, मला बसायला जागा केली.

"काय आबा, परक्यांचं झालं का दळून?"

"तू बोलला न्हाईस कधी."

"तुज्या गिरणीत मी घरचा. पण माज्या घरची तव्याम्होरं पिठाची वाट बघत बसायची, तिला काय सांगू?"

मला म्हणायचं होतं, उद्या ये, तुझं पहिलं टाकतो. म्हणालो, "गाडी आली बघ तुजी." तो चढला. खिडकीतून हात केला, तो मी बघितला नाही असं दाखवलं.

पुढं गिरणीला चुना दिला, तेव्हा रंगाऱ्याला शिंगापुरती जागा सोडायला लावली. सकाळी पट्टा चढवला की अजून थोडा वेळ थांबतो. पहिलं दळण लगेच टाकत नाही. रस्त्याकडं बघतो.