फिटरच्या हातचं कम्युनियन

कलकत्त्याच्या इस्पितळात सासूबाईंच्या शेजारच्या खाटेवर एक अँग्लो-इंडियन म्हातारी होती. दर रविवारी हावड्याचा एक फिटर तिच्यासाठी चर्चमधून कम्युनियनचा प्रसाद, जिभेवर ठेवायची पातळ चकती, छोट्या डबीत घेऊन यायचा. फादरांऐवजी साध्या माणसाने तो द्यायची पद्धत तेव्हा नवीनच होती. त्याची ग्रीसने काळी झालेली नखं बघून म्हातारी तोंड फिरवायची. तो स्टुलावर बसून प्रार्थना म्हणायचा आणि डबी खिशात ठेवून निघून जायचा.

“बरोबरच आहे की तिचं,” सासूबाई म्हणाल्या. “पूजेला भटजीच हवा.”

मी त्याला हिंदीत विचारलं, “राग नाही येत?”

“तिच्या जागी मी असतो, तर मीही घेतला नसता.”

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा हात घासून घासून लाल झाले होते. नखं काळीच होती.

म्हातारीने डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं.