न निघणाऱ्या डागांची यादी

मध्य प्रदेशातल्या बालाघाटातली माणसं भिंतीकडे दोनदाच नीट बघतात. एकदा घर विकत घेताना, आणि एकदा निवडणुकीत आपल्या कुंपणावर नको त्या पक्षाचं चिन्ह रंगवलेलं दिसलं की. एरवी छपराखाली भिंत असते, एवढी माहिती पुरते. शालिकराम गायधने मात्र सव्वीस वर्षं रोज भिंतीच बघत आला. तो इमारती बाहेरून धुतो.

"पेंटर का?" लोक विचारतात.

"नाई जी. धुतो."

"मंग रंग कोण देते?"

"द्या लागू नये म्हणून तं धुतो."

यावर लोक समजुतीनं मान हलवतात आणि पुढच्या भेटीत "काय पेंटर" म्हणूनच हाक मारतात.

पावसाळा सरला की त्याचा हंगाम सुरू होतो. तोवर उत्तरेकडच्या भिंती शेवाळानं आधी हिरव्या, मग काळ्या पडलेल्या असतात. राइस मिलच्या बाजूला राख बसते, रेल्वेच्या अंगाला मँगनीजची धूळ. शालिकराम प्रत्येकीशी वेगळा वागतो. शेवाळाला सोड्याचं पाणी पाजून तासभर सोडून देतो, राख कोरडीच झटकतो, आणि मँगनीजवर काथ्याचा कुंचा असा फिरवतो, की भिंतीलाही कळू नये. भिंत कोणतीही असो, आधी पायथ्यापासून वर भिजवत न्यायची आणि मग वरून खाली धुवायची. कोरडी भिंत घाण पाणी पिऊन घेते आणि ते ओघळ वर्षभर दाखवत बसते. या भिजवण्यात दोन दिवस जास्त जातात. ते दोन दिवस कोणाला दिसत नाहीत, कारण त्या दोन दिवसांत जे घडतं ते म्हणजे ओघळ न पडणं.

गच्चीवरून दोर सोडलेले, दोरांना सागाच्या फळीची पाटली, पाटलीवर शालिकराम. वर दोर सांभाळायला राजू; नाव राजू असलं तरी वय बावन्न. पाटली पुरुषभर उंच गेली की शालिकरामचं बोलणं थांबतं. खालचे ऑटो, भाजीवाले, कोर्टाकडे निघालेले पक्षकार यांचा आवाज आधी लांब जातो, मग पाण्याखालून आल्यासारखा येतो. पाटली हलकेच डुलते. लहानपणी तो बावनथडीच्या काठी राहायचा, तिरोडीच्या अलीकडे. मामाच्या गावाला डोंग्यातून जायचा. तसंच डुलणं. समोर वीतभर अंतरावर भिंत, आणि भिंतीवर डाग. ढगांत लोकांना हत्ती दिसतात म्हणे. ढग दोन मिनिटांत मोडतात, डाग वर्षानुवर्षं थांबतात, त्यामुळे शालिकरामच्या हत्तींना पिल्लंसुद्धा झालेली आहेत.

धंद्यात त्याची एक खोड होती. तरुणपणी तो गोंदियाच्या एका लॉन्ड्रीत पावत्या लिहायचा. तिथला नियम असा, की कपडा घेतानाच गिऱ्हाइकासमोर पावतीवर लिहायचं: कॉलरला हळद, निघणार नाही, बाहीवर शाई, निघणार नाही. भांडणं वाचायची. तोच नियम शालिकरामनं भिंतींना लावला. इमारतीभोवती एक अख्खा दिवस फिरायचं, बोटांनी टकटक करून बघायचं, आणि कोटेशनच्या मागे यादी जोडायची. पन्हाळीखालचा डाग, निघणार नाही. खिडकीच्या गजांचा गंज, निघणार नाही. कामाचा मजकूर चार ओळी, यादी दीड पान.

मग शहरात वीरेंद्र आला. हसतमुख, चाळिशीच्या आतला, त्याच्याकडे प्रेशरची मशीन आणि ॲसिडचे निळे डबे. त्याच्या कोटेशनमध्ये एकच वाक्य असायचं: "पूरी बिल्डिंग एकदम नई जैसी." भाव निम्मा. आधी बसस्टँडजवळचा लॉज गेला, मग राइस मिलवाल्या शेठचा बंगला, मग नर्सिंग होम. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी शालिकरामची यादी शेवटपर्यंत वाचली, हा त्यांचा मोठेपणा. वाचून म्हणाले, "भैया, मैंने दीवार धुलवाने बुलाया था, पोस्टमॉर्टम करवाने नहीं."

वीरेंद्रनं धुतलेली इमारत दिवाळीला खरोखर झळकायची. फोटो निघायचे. संक्रांतीपर्यंत रंगाची भुकटी सुटायची आणि टेकून उभ्या राहिलेल्या माणसाच्या खांद्यावर बसायची. पण तोपर्यंत फोटो निघालेले असायचे.

उरलं सरस्वती सभागृह. मराठी मंडळींच्या एका समितीचं, तीन मजली. लग्नं, बारशी, शोकसभा, अधूनमधून व्याख्यान. हे काम शालिकरामकडे एकोणीस वर्षं होतं आणि समिती दुसऱ्या कोणाकडून कोटेशन मागत नव्हती. या वर्षी मागितलं. हेही गेलं तर पुढे काय, ते अनुसयानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ठरवूनच ठेवलं होतं. तिचा भाऊ वारासिवनीला एका मिलमध्ये मुनीम होता आणि तिथे फाटकावर माणूस हवा होता. खुर्ची, पंखा, रजिस्टर. जमिनीवरची नोकरी. शालिकरामला त्या खुर्चीत एकच खोट दिसायची. खुर्ची डुलत नाही.

त्याची मुलगी मयुरी कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होती. कोटेशन तीच टाइप करायची.

"बाबा, हे लिस्ट काहून लावता? मांगली का कोणी?"

"त्याइले माहीत असाले पायजे ना."

"वीरेंद्र लावते का?"

"त्याले डाग दिसत नाई."

"दिसते. सांगत नाई. गिऱ्हाइकाले काय फरक पडते?"

आतून अनुसयाचा आवाज आला, "अवो, लग्नाच्या टायमाले माह्या बापाले दिली असती अशी लिस्ट, तं उपकार झाले असते."

"तुया बापानं तरी कुठं दिली होती?"

"माह्यात होतं काय लिहासारखं!"

मयुरी हसली, आणि हसताहसताच तिनं विचारलं, "मंग? लावू का नाई?"

"राहू दे," तो म्हणाला. "या वर्षी राहू दे." मग मयुरीनं लिहिलं: संपूर्ण इमारत बाहेरून नव्यासारखी करून देऊ. वाक्य छान दिसत होतं. इतकं मोकळं कोटेशन त्यानं आयुष्यात दिलं नव्हतं.

समितीचे सचिव त्र्यंबकराव मुळे कलेक्टर कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कागद वाचला, उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"शालिकराम, यादी?"

"या वर्षी नाई, साहेब."

"डाग गेले?"

शालिकरामनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "नव्यासारखी होईन."

"बरं," त्र्यंबकराव म्हणाले. आयुष्यभर फायली पुढे पाठवलेल्या माणसाचं ते बरं होतं.

काम शालिकरामला मिळालं. भाव वीरेंद्रचाच कमी होता, पण समितीचे एक सदस्य त्याच महिन्यात साखर तपासायला नर्सिंग होममध्ये गेले होते आणि पाठीवर फिकट पिवळा रंग घेऊन परत आले होते. त्यांनी सभेत कोट दाखवला. ठराव एकमतानं झाला.

अकरा दिवस शालिकराम त्या इमारतीवर होता. पूर्वेची भिंत झाली, पश्चिमेची झाली, दक्षिणेची झाली. उत्तरेची त्यानं नेहमीसारखी शेवटी ठेवली. तिच्या वरच्या टोकाला बसलं की स्वच्छ हवेत वैनगंगा दिसते, म्हणजे नदीच्या जागी उजेडाची एक पट्टी दिसते. आणि समोर भिंतीवर दुसरी वैनगंगा. पन्हाळीखाली उगम, तिथून पार पायथ्यापर्यंत काळसर तपकिरी धार, मधेच डावीकडून येऊन मिळणारी बावनथडी, जरा वर उजवीकडून बाघ. यादीत एकोणीस वर्षं पहिल्या क्रमांकावर असलेला डाग तो हा. दर पावसाळ्यात त्याला एखादा नवा ओढा फुटतो. बावनथडीच्या एका वळणावर प्लास्टर थोडं फुगलंय, तिथे शालिकरामचं गाव. कुंचा तिथे आला की तो हात सैल करतो. गावची आंबराई बाजूला ठेवून धुतो. पैलतीराला डोंगा लागलेला असतो. कोणीतरी हाक मारतं, तो येतो म्हणतो, आणि पाटली डुलत राहते.

"वीरेंद्रपासून एक डबा आणू का?" वरून राजू ओरडला. "दोन मिन्टाचं काम आहे, दादा. लिहून देल्लं ना तुमी?"

शालिकरामनं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. दोन मिनिटांत बावनथडीला फेस येईल, मग बाघला. डागाखालचं प्लास्टर मऊ होईल, आणि पुढच्या पावसात नदी बाहेरून आत, सभागृहात येईल. तसं झालं तर कोणी म्हणणार नाही, की डाग राहिला.

"नको," तो म्हणाला. "दोर सोड हळूच."

बाराव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता समिती पाहणीला आली. अध्यक्ष प्रेमलताताई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, जाड भिंगांचा चष्मा लावून पुढे. मागे वही घेऊन त्र्यंबकराव. त्यांच्यामागे चार सदस्य, त्यांत ते कोटवालेही. सगळे उत्तरेच्या भिंतीसमोर उभे राहिले. माना वर गेल्या. उजेड तिरपा होता आणि भिंत ओली होती. अशा वेळी डाग जसा दिसतो तसा वर्षात कधी दिसत नाही. पन्हाळीपासून पायथ्यापर्यंत सगळी नदी तिच्या ओढ्यांसकट.

"वा," प्रेमलताताई म्हणाल्या. "अगदी नव्यासारखी झाली हो."

"सुंदर," कोटवाले म्हणाले.

"मशीनपेक्षा माणूस बरा," तिसरा म्हणाला.

शालिकराम त्यांच्याकडे बघतच राहिला. त्यांना दिसत नव्हतं. एकोणीस वर्षं ते यादी वाचत होते. डाग कागदावर होता तेवढाच त्यांच्यासाठी होता. यंदा कागदावर नव्हता, तर नव्हताच. याचा अर्थही त्याला लगेच कळला. नुसतं उभं राहायचं. पुढच्या वर्षी पुन्हा हेच वाक्य, पुन्हा हीच पाटली, आणि गुडघे चालतील तोवर हीच नदी. वर गच्चीच्या कठड्यावरून राजू दोन्ही हातांनी खुणा करत होता, की गप राहा.

त्र्यंबकरावांनी वहीत "काम समाधानकारक" असं लिहून खाली रेघ ओढली.

"ताई," शालिकराम म्हणाला, "तो डाग राह्यला."

"कोणता?"

"हा नाई का." त्यानं बोट दाखवलं. "वरतून खालपर्यंत."

प्रेमलताताईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. मग एकेक करून सगळ्यांना तो दिसला. आणि एकदा दिसल्यावर न दिसण्याची सोय राहिली नाही.

"हा आत्ता पडला का?"

"एकोणीस वर्सं झाले."

"मग तुम्ही नव्यासारखी म्हणून लिहून दिलंत, ते?"

"ते खोटं लिवलं जी."

रेल्वेच्या बाजूनं इंजिनाची शिटी आली. त्र्यंबकरावांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. वर राजू कठड्यामागे बसून घेऊन दिसेनासा झाला.

"नकाशासारखं वाटतं नाही?" शेवटी कोटवाले म्हणाले.

"नदी आहे ते," शालिकराम म्हणाला. "हे वैनगंगा. हे बावनथडी आली. हे बाघ. तिथं फुगलं दिसते ना, तिथं माहं गाव."

"आणि आमगाव?" कोटवाल्यांनी विचारलं. त्यांचं आजोळ तिकडचं. शालिकरामनं काठी घेऊन दाखवलं. कोटवाले भिंतीच्या इतके जवळ गेले की नाक लागेल.

त्यानंतर तो त्यांना पूर्वेच्या भिंतीकडे घेऊन गेला. तिथे त्यानं बादलीभर पाणी मारलं; ओलं असेपर्यंत तिथे जुनी रंगवलेली अक्षरं दिसतात. कुठल्याशा नाटकाचं नाव, अर्धं. पश्चिमेला मांडवाच्या बांबूंनी घासलेल्या खुणा होत्या, प्रत्येक लग्नाची एक. एक खूण नुसतीच तिरपी गेलेली, कारण त्या लग्नात वारा सुटून मांडव पडला होता. "दामल्यांची दीपिका!" प्रेमलताताई एकदम म्हणाल्या. "पंगत चालू होती, वरणात कनात!" सगळे हसले. खिडकीखाली पाकोळ्यांच्या घरट्यांची मातीची ओळ होती, ती शालिकराम दरवर्षी चुकवून धुतो. तो बोलत होता. जमिनीवर उभा राहून एवढं तो कधीच बोलला नव्हता, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे जेवणानंतर डोळा लागायच्या आधी होतात तसे सैल झाले होते.

"किती डाग आहेत हो आपल्या इमारतीला," प्रेमलताताई हळूच म्हणाल्या. मग जरा थांबून, त्याच सुरात, "त्र्यंबकराव, पुढच्या वर्षी त्या मशीनवाल्यालाच सांगू या. सगळं एकदा स्वच्छ होऊन जाऊ दे."

त्र्यंबकरावांनी शालिकरामकडे पाहिलं नाही. वही उघडून त्यांनी नोंद घेतली.

शालिकरामनं ऐकलं. "हौ," तो म्हणाला. काठी या हातातून त्या हातात घेतली. ऊन भिंतीच्या वरच्या मजल्यावर चढत चाललं होतं.

"दक्षिणेची राह्यली, ताई," तो म्हणाला. "ऊन हाय तवर पाहून घ्या. मंग दिसत नाई."

प्रेमलताताईंनी ओल्या फरशीवरून साडीचा काठ उचलला आणि समिती, कोरमसह, त्याच्या मागे निघाली.