विहीणबाईंसाठी एक वाक्य

लेकीनं टोरांटोहून कळवलं की मुलगा मेक्सिकोचा आहे आणि त्याच्या आईला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. हसतमुख पोरगा, व्हिडिओ कॉलवर मला पिठलं खाऊन दाखवलं त्यानं. मला घोर लागला तो विहीणबाईंचा. मुलीच्या आईनं विहिणीला एक वाक्य म्हणायचं असतं की नाही? "पोरीला सांभाळून घ्या." माझ्या आईनं माझ्या सासूबाईंचे हात धरून म्हटलं होतं. ते मी आता जावयाच्या तोंडून म्हणवून घेऊ? छे! मी स्पॅनिश शिकायला घेतलं.

"आई, मी काय पार्सल आहे?" लेक भडकली. "असलं काही बोलायचं नाही हं तू. प्लीज!"

"तू गप्प बस. हे आम्हा आयांचं आहे."

नवरा म्हणाला, "वीस वर्षं इथं कुवेतमध्ये काढून तुझं अरबी 'खलास' आणि 'यल्ला'च्या पुढं गेलं नाही, आणि आता स्पॅनिश?" खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

रुमैथियाच्या घरून शर्कच्या ऑफिसात जाताना गाडीत धडे लावायचे. सिग्नलला मी जोरजोरात "मुचो गुस्तो, मुचो गुस्तो" म्हणायची, म्हणजे भेटून आनंद झाला. शेजारच्या गाडीतला माणूस बिचारा काच वर करायचा. ऑफिसात आमची फिलिपिनो रिसेप्शनिस्ट मदतीला आली. चमच्याला, बुटांना, टेबलाला त्यांच्याकडे जवळजवळ स्पॅनिशच शब्द. टेबल म्हणजे मेसा. अगं बाई, आमचं मेज! चहाच्या वेळी ती माझी परीक्षा घ्यायची आणि चुकले की डोळे वटारायची, पोर माझ्या निम्म्या वयाची!

नामांची लिंगं मला जड गेली नाहीत. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच. पण 'असणं' दोन प्रकारचं. मी कोण आहे ते एका क्रियापदानं सांगायचं, कुठं आहे ते दुसऱ्यानं. डोक्याला ताप नुसता. तिसऱ्या धड्यात आठवडाभर मी तेच घोकत होते: पुस्तक इथं आहे, मांजर इथं नाही, नो एस्ता आकी.

शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी चौघांचा कॉल ठरला. तिकडे मेक्सिकोत सकाळ. मी साडी नेसले, नवऱ्याला आतल्या खोलीत पिटाळलं. पडद्यावर एका चौकटीत लेक-जावई, दुसरीत विहीणबाई. माझ्याच वयाच्या, केस नीट विंचरलेले, मागं स्वयंपाकघर. त्याही घाबरलेल्या दिसत होत्या. मुचो गुस्तो झालं, हवापाणी झालं. मग मी घसा खाकरला. लेकीनं कपाळाला हात लावला.

"कुइदे आ मी इहा, पोर फावोर." माझ्या मुलीला सांभाळा, कृपा करून.

आलं की हो! एकही शब्द न अडखळता आलं. मी खूश होऊन त्यांच्याकडे बघत राहिले.

त्यांनी भुवया उंचावल्या. माझं काही चुकलं की काय? मग त्या हसल्या, आणि मला कळावं म्हणून हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "सेन्योरा, सू इहा नो एस्ता आकी." तुमची मुलगी इथं नाही. आणि पुढं, "मी इहो तांपोको."

तांपोको मी शिकले नव्हते. शिकायची गरज पडली नाही. माझा मुलगाही नाही.

मी कुणाला सांगत होते सांभाळायला? त्यांच्या ओसरीवर कोण येणार होतं नांदायला? बाई माझ्यासारखीच, पोर दूर टोरांटोला गेलेली, डोळे पुसत होती आणि हसत होती. माझंही तेच चाललं होतं.

"आई, त्या काय म्हणाल्या, मी सांगते..." लेक घाईघाईनं म्हणाली.

"काही नको. कळलं मला," मी म्हटलं. "आता तुम्ही दोघं फोन ठेवा. आम्हाला बोलायचंय."