अण्णांच्या खुर्चीत वैशालीताई

जाहिरातीच्या धंद्यात दोन गोष्टी साचतात. जुने फ्लेक्स आणि किस्से. फ्लेक्स लोक पावसाळ्याआधी शेडवर घालायला मागून नेतात. किस्से कुणीच नेत नाही, ते आम्हीच चहाबरोबर पुन्हा पुन्हा काढतो. आमची एजन्सी पेणमध्ये, गिऱ्हाईक पार रोह्यापर्यंत. मी तिथे डिझायनर. आणि स्वभावाने संशयी, हे आधीच सांगून ठेवते.

एका सकाळी आमचे मालक अण्णा स्वतः पेढे घेऊन आले. अण्णा आणि पेढे! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आजपासून एजन्सीची प्रमुख वैशाली. बायकांनी पुढे यायलाच पाहिजे!"

वैशालीताई आमच्यातली सगळ्यात जुनी. घोषवाक्यं तिची, गिऱ्हाईक सांभाळणं तिचं, शाबासकी अण्णांची. मग आजच बरा हा साक्षात्कार झाला? दुपारी कळलं. एका मोठ्या कंपनीचं वर्षभराचं काम निघालं होतं, आणि ते बाई चालवत असलेल्या एजन्सीलाच मिळणार होतं.

ताईने तोंडावर सांगितलं, "नाव माझं, तर शब्दही माझाच चालणार. मला नुसती नावाची पाटी बनवायचं असेल तर मी चालले. रोह्यात स्वतःचं काम सुरू करीन."

अण्णा लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की माझा संशय दुप्पट झाला. ताई फसणार, या विचाराने मला रात्रभर चैन पडेना.

*

त्याच आठवड्यात रोह्याचे एक हार्डवेअरवाले शेठ आले. केबिनमध्ये डोकावले, कपाटामागेही एक नजर टाकली.

"साहेब खंय... म्हंजे साहेब कुठं हायत?"

"मीच," ताई म्हणाली. "बसा, बोला."

शेठ हसले. बसले, चहा प्याले, पण जाहिरातीबद्दल अवाक्षर काढेनात. शेवटी उठले. "जेवून येतो मी. तवर साहेब येतील ना?"

*

मग गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्याच्या माहितीपत्रकाचं काम आलं. तिथल्या मालकांना पहिल्याच पानावर हवं होतं, 'आमच्याकडे स्त्री-पुरुष समान'. मी आधीच भुवई वर केली.

फोटो काढायला गेलो तर रंगकाम करणाऱ्या सगळ्या बायकांना मालकांनी बाजूला केलं. "फोटोत गर्दी नको!" ब्रश हातात धरायला कुणीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी आपल्या ड्रायव्हरला बसवलं.

ताई म्हणाली, "ह्यांचा फोटो आपण टेम्पोच्या जाहिरातीला ठेवू. बायकांना बोलवा."

*

खाडीकडच्या एका गावच्या नव्या सरपंचबाईंच्या अभिनंदनाचा फ्लेक्स त्यांचे यजमान करायला आले. यजमानांचा फोटो दाराएवढा, बाईंचा तिकिटाएवढा. ताईने सरळ बाईंनाच बोलावून घेतलं.

बाईंनी कॉम्प्युटरवर फोटो नीट निरखला. "ऱ्हाऊ दे गो त्यांचा फोटो, जाम हौस हाय त्यांना. पन खाली लिव, सरपंचांचे यजमान. नायतर लोक इचारतील, ह्यो कोन?"

यजमान तिथेच उभे होते. आपला फोटो स्वतःहून लहान करून गेले!

*

शेवटी कंपनीचे अधिकारी पाहणीला आले. अण्णांनी ताईला आपल्या केबिनमध्ये, आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी कॉम्प्युटरपुढे बसले. कॉम्प्युटर बंद होता, तरी माऊस हलवत होते. मला सगळंच नाटक वाटत होतं.

अधिकाऱ्यांनाही शंका असावी. त्यांनी अण्णांना गाठलं. "काका, मॅडम कशा आहेत?"

"जाम कडक!" अण्णा म्हणाले. "आम्ही सगळे टरकून असतो."

आतून ताईचा आवाज आला, "काका, जरा चहा सांगा."

अण्णा उठले आणि चहा सांगून आले. तासाभराने अधिकारी "काम तुमचंच" असं म्हणून गेले.

त्यांची गाडी वळली तसे अण्णांनी शर्ट नीट केला आणि थेट केबिनमध्ये शिरले. "झकास झालं, वैशाली! ऊठ आता, मला फोन करायचेत."

मला हीच भीती होती.

ताईने मानही वर केली नाही. "अण्णा, दार वाजवून येत जा."

अण्णा लालबुंद झाले. एकदा खुर्चीकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं. मग बाहेर आले, दार ओढून घेतलं. मला वाटलं, आता हिला काढतात.

अण्णांनी दार वाजवलं.